आधी पाय, मग ब्रेक

रविवारी पहाटे डुमस रोडला चक्कर मारा. हेल्मेट घातलेली तरुण मंडळी वेगवान सायकलींवरून मगदल्ल्याच्या दिशेने जाताना दिसतील. त्यांत आपल्या मराठी घरांतली मुलंमुलीही आता बरीच असतात. कोणी अडाजणहून येतं, कोणी उधना-लिंबायतहून, कोणी पार डिंडोलीहून. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बूट पेडलमध्ये अडकवलेले असतात.

घरी हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पाय अडकवून सायकल चालवायची? मग थांबायचं कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. या पेडलवर सायकल चालवायला वेगळं काही शिकावं लागत नाही, पण थांबायला शिकावं लागतं. मी बरीच वर्षं सुरतेत सायकल चालवतोय आणि गेली काही वर्षं नव्या मुलांना हे शिकवतोय. म्हणून मुलांसाठी आणि त्यांच्या काळजीत असलेल्या आईवडिलांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

अडकतं, तरी नाव 'क्लिपलेस'

नावापासूनच गोंधळ होतो. या पेडलला 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेलं. पण पाय तर अडकतो! कारण असं, की पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर बुटाच्या टोकासाठी एक पिंजरा आणि पट्टा असायचा. त्याला 'टो क्लिप' म्हणत. थांबायचं असेल तर वाकून हाताने पट्टा सैल करावा लागे. तो पिंजरा गेला, म्हणून नवं पेडल 'क्लिपलेस'.

आजची पेडल आली ती बर्फावरच्या स्कीइंगमधून. स्कीचे बूट पट्ट्यांना धरून ठेवणारे खटके बनवणाऱ्या फ्रान्सच्या 'लूक' कंपनीने तीच युक्ती १९८४ मध्ये सायकलला लावली. पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ही पेडल वापरून आपली पाचवी 'टूर द फ्रान्स' जिंकली, आणि मग सगळे त्यांच्या मागे लागले. १९९० मध्ये जपानच्या शिमानोने 'एसपीडी' हा लहान खटक्याचा प्रकार आणला. त्याचे बूट घालून नीट चालताही येतं. आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्यांनी यानेच सुरुवात करावी.

बुटाच्या तळव्याला 'क्लीट' नावाचा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. तो पेडलच्या स्प्रिंगमध्ये दाबला की 'खट्' आवाज होतो आणि पाय बसतो. सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. पाय वर ओढून किंवा मागे खेचून तो सुटत नाही. टाच बाहेर, बस्स एवढंच.

मग पडायला का होतं?

कारण आपल्या पायाला दुसरी सवय असते. लहानपणापासून साध्या सायकलवर आपण एकच गोष्ट करत आलो: ब्रेक दाबला, पाय उचलला, जमिनीवर टेकला. घाबरलं की पाय आपोआप हेच करू बघतो. तो वर ओढला जातो, पेडल सोडत नाही, आणि सायकल आडवी होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वेगात पडताना पाय पिळला जातो आणि खटका बऱ्याचदा आपोआप सुटतो. पण सिग्नलला उभ्या उभ्या सायकल कलंडते तेव्हा पाय आणि पेडल एकत्रच कलतात, टाच वळतच नाही, म्हणून खटकाही सुटत नाही. त्यामुळे ही पडझड जवळजवळ नेहमी शून्य वेगाला होते. त्यात खरचटण्यापलीकडे फारसं लागत नाही असं समजू नका. पडताना हात पसरला तर मनगट किंवा खांद्याजवळचं कॉलरबोन मोडू शकतं. आणि आपण रस्त्यावर उजवीकडे पडलो तर पडतो ते मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत.

ताई आणि तिची अट

माझा भाचा कॉलेजात आहे. त्याला २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची होती. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, कोणाच्या मदतीशिवाय पुरं करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली, हे सगळं त्याला पाठ. इतक्या लांब अंतरावर पाय पेडलवर एकाच जागी राहतो, पावसात घसरत नाही, हा या पेडलचा खरा फायदा. म्हणून त्याला ती हवी होती.

त्याच सुमारास त्याच्या ओळखीचा एक मुलगा अशाच पेडलसकट सिग्नलला उजवीकडे पडला. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. ताईच्या कानावर हे गेलं आणि तिने सरळ सांगितलं, "ही पेडल घरात नकोत."

मी मध्ये पडलो. वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तिची भीती खरी होती. शेवटी तिनेच अट घातली: "महिनाभर सोसायटीच्या आवारात शीक. मग मी बघेन. मी केव्हाही 'थांब' म्हणेन, तेव्हा तू न पडता थांबायचं. दहापैकी दहा वेळा." ही अट मला इतकी पटली, की आता प्रत्येक नव्या मुलाला मी तीच परीक्षा देतो.

थांबायचा क्रम

सगळं शिकणं एका वाक्यात मावतं: आधी पाय, मग ब्रेक. सायकल चालत असतानाच पाय मोकळा झालेला हवा. थांबल्यावर सोडवू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

१. थांबायच्या जागेच्या बरंच आधी, साधारण २० ते ३० मीटरवर, गिअर हलका करा. पुन्हा निघताना याचाच उपयोग होतो.

२. डावं पेडल खाली आणा आणि तिथे टाच बाहेर वळवा. पाय सुटला.

३. सुटलेल्या पायाचा मधला भाग पेडलवर ठेवा, चवडा नको. चवडा ठेवला तर क्लीट पुन्हा बसू शकते, आणि पाय मोकळा आहे असं आपल्याला वाटत राहतं.

४. आता उजवं पेडल खाली आणा. सगळं वजन उजव्या पायावर घ्या आणि सीटवरून थोडं पुढे उतरा.

५. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. थांबायच्या शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवा. मग सायकल आपोआप डावीकडे झुकते, जिथे मोकळा पाय वाट बघत असतो.

६. डावा पाय टेकला की झालं. उजवा पाय अडकलेलाच राहू द्या. पुन्हा निघायला तोच कामाला येतो.

डावाच पाय का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. डावीकडे झुकलो तर फुटपाथकडे, उजवीकडे झुकलो तर गाड्यांकडे. शिवाय चेन आणि दातेरी चाक उजवीकडे असतात. उजवा पाय टेकणाऱ्यांच्या पोटरीवर ग्रीसचे काळे दात उमटतात ते त्यामुळेच. परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ज्या देशांत उजव्या बाजूने गाडी चालवतात तिथले लोक अनेकदा उलटं सांगतात. तिथे ते बरोबर, इथे नाही.

पण सराव दोन्ही पायांचा करा. रस्ता डावीकडे खड्ड्यात उतरत असेल, तर कधी तरी उजवा पायच टेकावा लागतो.

महिन्याचा अभ्यास

पहिला आठवडा भिंतीचा. सायकलवर बसून एक हात भिंतीवर ठेवा आणि पाय बसवा, सोडवा. प्रत्येक पाय रोज ५० वेळा. टाच विचार न करता वळली पाहिजे. दुसरा आठवडा मैदानाचा, गवत असलं तर उत्तम: दहा पेडल मारायची, पाय सोडवायचा, थांबायचं. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीचा रस्ता, वळणं आणि स्पीड ब्रेकर. चौथ्या आठवड्यात पहाटेचा मोकळा रस्ता, आणि तोही कोणाला तरी सोबत घेऊन.

मग परीक्षा. आमच्या ताईने ती चक्क पार्किंगमध्ये घेतली. कधी भाचा वळणावर असताना, कधी पाणी पिताना, एकदा तर शेजारच्या काकांशी बोलता बोलता मागे न बघताच ती "थांब" म्हणाली. पहिल्या दिवशी दहापैकी सात. दोन दिवसांनी नऊ. पुढच्या रविवारी दहाच्या दहा. त्यानंतर ती एवढंच म्हणाली, "आता रस्त्यावर पण असंच." आमच्याकडे यालाच परवानगी म्हणतात.

आपल्या सुरतेचे रस्ते

सिग्नल दिसतो, त्याची तयारी करता येते. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी नियम साधा: शंका आली की पाय सोडवा. पुढची रिक्षा रेंगाळली, गाय रस्त्याच्या मधोमध उभी आहे, लग्नाची वरात आहे, शाळेची व्हॅन बाजूला घेते आहे, तर पाय मोकळा. थांबावं लागलं नाही तर पुन्हा अडकवायला क्षणभरही लागत नाही.

सर्कलला शिरताना पाय नेहमी मोकळा ठेवा. केबल ब्रिजसारख्या पुलाच्या उतारावर वेग वाढतो आणि खाली लगेच गर्दी लागते, म्हणून उतार संपायच्या आधीच पाय सोडवा. पावसाळ्यात पाणी साचलेल्या जागी खड्डा दिसत नाही. तिथून मोकळ्या पायानेच जा. चौटा बाजारात किंवा जुन्या शहराच्या गल्ल्यांत ही पेडल नकोतच. तिथे दर दहा पावलांवर थांबावं लागतं. रोज बाजारात, कॉलेजात जायचं असेल तर साधी पेडल उत्तम. एका बाजूला खटका आणि दुसऱ्या बाजूला सपाट, अशी दुहेरी पेडलही मिळतात. नवशिक्यांसाठी ती सगळ्यांत शहाणी खरेदी.

आणि उत्तरायण! १४ आणि १५ जानेवारीला सायकल घरीच ठेवा. रस्त्यावर आडवा आलेला मांजा दिसेपर्यंत पाय सोडवायला वेळच उरत नाही. ते दोन दिवस गच्चीचे.

स्क्रू आणि स्प्रिंग

एसपीडी पेडलवर एक छोटा स्क्रू असतो. ॲलन कीने तो वजा चिन्हाकडे फिरवला की स्प्रिंग सैल होते. शिकताना ती सगळ्यांत सैल ठेवा, दोन्ही पेडलची आणि पेडलच्या दोन्ही बाजूंची. सवय झाल्यावर लागेल तशी आवळा.

यापेक्षा महत्त्वाचे क्लीटचे स्क्रू. दोनपैकी एक स्क्रू पडला, तर टाच वळवल्यावर बूट क्लीटभोवती नुसता फिरतो आणि पाय सुटतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा हे स्क्रू तपासा. रस्त्यात असं झालंच तर घाबरू नका. चालत्या सायकलवर दुसरा पाय सोडवा, त्या बाजूला झुकून थांबा आणि मग बुटातून पाय काढून घ्या.

डुमसच्या वाळूत हे बूट घालून फिरू नका. वाळू खटक्यात जाते आणि पेडल अडतं. गेलाच असाल तर निघण्यापूर्वी क्लीट झटकून साफ करा. क्लीट झिजली की बदला. आणि सोसायटीच्या गुळगुळीत फरशीच्या जिन्यावर जपून चाला. क्लीट फरशीवर सटकते.

मुलांना आणि पालकांना

मुलांनो, मित्राच्या पायात आहेत म्हणून ही पेडल घेऊ नका. पन्नास-साठ किलोमीटर सलग चालवायला लागलात की मग विचार करा. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी ग्रुपबरोबर तर अजिबात जाऊ नका. ग्रुपमध्ये पुढचा थांबतो तेव्हा आपल्यालाही थांबावं लागतं, आणि एक पडला की मागचे त्याच्यावर पडतात. थांबताना हात वर करून मोठ्याने "थांबतोय" म्हणायची सवय लावून घ्या.

पालकांनो, 'नको' म्हणण्यापेक्षा परीक्षा घ्या. तुम्हाला सायकलमधलं काही कळायची गरज नाही. खुर्ची टाकून आवारात बसा, चहा घ्या आणि मनात येईल तेव्हा "थांब" म्हणा. दहापैकी दहा झाले की रविवारी सकाळी दार उघडून द्या. परत येताना मुलं गरम लोचो घेऊन येतील, तेवढी फी पुरे आहे.