शर्यतीची सायकल कुणाला परवडते?

रविवारी पहाटे पाचच्या सुमारास ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावर चार-पाच सायकलस्वार जमतात. एक जण अंगठ्याने टायर दाबून हवा बघतो. दुसरा पेडल उलटं फिरवत चेनवर थेंब-थेंब तेल सोडतो. मग कशेळीचा पूल ओलांडून, भिवंडीमार्गे सगळे नाशिक महामार्गाला लागतात. ओढ असते कसाऱ्याच्या घाटाची.

पण यातले फार थोडे शर्यतीत उतरतात. एकेकाळी हौशी सायकलपटूचं स्वप्न म्हणजे मुंबई-पुणे शर्यत. बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटांचा राजा’ ठरायचा. आज हौशी मंडळी ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांकडे वळली आहेत: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. वेळेत पोचायचं, बस्स. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. नोकरी सांभाळून सराव करणाऱ्याला हे मानवतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा लांब पल्ल्याचं वेड आणखी पसरलं.

शर्यत मागे पडली याचं मोठं कारण पैसा. साधी सायकल काही हजारांत येते. ॲल्युमिनियमची बरी रोड बाइक पन्नास हजारांच्या घरात जाते आणि कार्बनची लाखांत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही. त्या आकड्याच्या जवळ जाताना मात्र कमी होणाऱ्या प्रत्येक शंभर ग्रॅमचे पैसे मोजावे लागतात. आयात सायकलींवरचं शुल्क 2023 मध्ये 30 वरून 35 टक्के झालं. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. पण टायर, चेन, हेल्मेट, क्लीटचे बूट आणि शर्यतीच्या गावी जायचं भाडं हे खर्च सुरूच राहतात. दमदार पायांचा, पण रिकाम्या खिशाचा मुलगा इथेच गळतो.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. अशा शर्यतीत उद्या ठाणे-डोंबिवलीचं पोर दिसायचं असेल, तर सुरुवात घराजवळ व्हायला हवी. गावोगावच्या शर्यतींत साध्या सायकलींचा वेगळा गट असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी वर्षातून एका रविवारी दोन तास एक रस्ता मोकळा ठेवावा आणि तसा गट असलेली शर्यत भरवावी.