शरदाची सजावट, घरच्याच सामानातून

पाऊस ओसरला की आश्विनात घरं सजू लागतात. भोंडल्याच्या पाटावरचा हत्ती, दसऱ्याचं तोरण, दिवाळीचा किल्ला, दारातला आकाशकंदील. या सजावटीची खरी गंमत अशी, की सण सरल्यावर त्यातल्या प्रत्येक वस्तूची पुढची सोय लागलेली असे. पाने-फुले मातीत जात, किल्ल्याची माती कुंडीत, कंदिलाचा सांगाडा माळ्यावर. जुन्या सामानातून सजावट करायची तर ‘उतरवल्यावर हे कुठे जाईल?’ हा प्रश्न आधी विचारावा. निम्मी निवड तिथेच होते.

आकाशकंदील

पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ काड्या लागतात. बांबूचा पडदा किंवा जुनी चटई मोडीत निघाली असेल तर त्यातल्या काड्या उत्तम. नसतील तर वर्तमानपत्राचे दोन कागद एकत्र घेऊन घट्ट सुरळ्या कराव्यात. फूटभर लांबी पुरे. चार-चार काड्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधायचे आणि त्यांचे कोपरे एकमेकांना जोडायचे. १२ गाठी पडतात आणि चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवावा, म्हणजे दिवा सोडता येतो आणि हवाही खेळती राहते.

उरलेल्या १२ जागांवर पतंगाच्या कागदाऐवजी विरलेली ओढणी किंवा सुती साडी लावता येते. विरलेल्या कापडातून उजेड छान झिरपतो. चिकटवायला कणकेची किंवा मैद्याची खळ पुरते. आत कमी वॅटचा एलईडी दिवाच हवा. पणती किंवा तापणारा जुना बल्ब नको. लग्नपत्रिकांचा कागद जाड असल्याने उजेड अडवतो, म्हणून तो इथे न वापरता त्यात नक्षी कापून कडेला लावावा. झिरमिळ्यांना साडीच्या पट्ट्या आहेतच.

तोरण

साडी फाटते ती बहुधा अंगात. काठ मात्र धड राहतात. हे काठ दारापेक्षा वीतभर लांब कापून घ्यावेत आणि मागून जुन्या चादरीची पट्टी शिवावी, म्हणजे तोरण लोंबत नाही. खाली उरलेल्या लोकरीचे गोंडे आणि तुटलेल्या माळेतले मणी ओवावेत. दसऱ्याला याच्याच खाली झेंडू आणि आंब्याच्या पानांची माळ बांधली, की दोन्ही एकमेकांना शोभतात.

किल्ला

आतला उंचवटा विटांचा, दगडांचा किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा करावा. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरलं की डोंगराच्या घड्या त्यातूनच उठतात. हिरवळीसाठी हळीव दिवाळीच्या आठवडाभर आधी पेरावेत. भिजल्यावर त्यांच्याभोवती बुळबुळीत थर येतो, म्हणून ते उतारावरही चिकटून राहतात. पाणी ओतू नये, शिंपडावं.

उतरवताना

कंदील साधारण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. त्यानंतर कापड सोडवून धुवावं आणि सांगाडा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवावा. काठांचं तोरण कडुनिंबाच्या वाळल्या पानांसोबत घडी करून ठेवावं. गावठी झेंडूची सुकलेली फुलं कुस्करली तर सुईसारखं काळं-पांढरं बी मिळतं. ते कागदाच्या पुडीत कोरडं ठेवून पावसाळ्याच्या तोंडाला पेरावं.

अडचण होते ती चमकी, प्लास्टिकच्या टिकल्या आणि गरम गोंदाची. कागदावर ही एकदा बसली, की तो कागद ना रद्दीत जातो, ना खतात. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, पण घरातल्या चमकीवर कोणी बंदी घालणार नाही. ती आपणच टाळायची. मुलांना हाताशी घेऊन बसावं आणि दोरा, खळ, सुई एवढ्यावर सगळं जोडावं. या तीन गोष्टींनी जोडलेलं पुन्हा सोडवता येतं, आणि जे सोडवता येतं तेच पुढच्या आश्विनात नव्याने सजवता येतं.