छोट्या शब्दांचा मोठा व्यवहार

बँकेच्या कोणत्याही शाखेत घडू शकेल असा एक प्रसंग आहे. एक लघुउद्योजक गृहकर्जाच्या चौकशीसाठी शाखेत येतो. काही वर्षांपूर्वी व्यवसायासाठी घेतलेले त्याचे कर्ज थकलेले असते. अलीकडेच त्याने स्वतःचा पतमाहिती अहवाल मागविलेला असतो आणि त्या जुन्या कर्जापुढे ‘रिटन ऑफ’ असे दोन शब्द छापलेले त्यास आढळलेले असतात. ‘राइट’ म्हणजे लिहिणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे तो शाळेपासून जाणतो. तेव्हा लिहून बंद केले, म्हणजे हिशेब मिटला, असा अर्थ लावून तो निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्याचे नवे कर्ज अडते ते नेमके त्याच दोन शब्दांमुळे.

‘राइट ऑफ’ म्हणजे निर्लेखन. वसुलीची आशा क्षीण झालेले कर्ज बँक तरतुदीच्या आधारे आपल्या ताळेबंदातून वजा करते. हा बँकेच्या हिशेबवहीतील व्यवहार होय. केवळ निर्लेखनामुळे कर्जदाराचे दायित्व संपत नाही आणि वसुलीची कार्यवाही पुढे चालूच राहते. माफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे वेगळे क्रियापद आहे. २००८ साली केंद्र शासनाने जी कृषी कर्जमाफी योजना आणली, तिच्या इंग्रजी नावात ‘वेव्हर’ हाच शब्द होता. आपल्याकडील कचेऱ्यांत मात्र ‘वेव्ह’ला विनाकारण ‘ऑफ’ जोडून ‘वेव्ह ऑफ’ असे म्हणण्याची सवय जडली आहे. त्यामुळे निर्लेखन आणि माफी यांतील सीमारेषा अधिकच पुसट होते. एका ‘ऑफ’ची किंमत एवढी मोठी असू शकते.

परकीयांची जुनी अडचण

साध्या क्रियापदास ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘थ्रू’ असे एखादे छोटे अव्यय जोडले की मूळ अर्थ मागे पडतो व नवाच अर्थ उभा राहतो. अशा जोड्यांना इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ मधील ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली. ती सुचविण्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले आहे. अडचण मात्र त्याहून जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत या जोड्या परकीयांना अतिशय अवघड जातात, असे आवर्जून नोंदविले आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘सेट ऑफ’ आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘शोभा आणणे’ असा आहे. आज सामान्य बोलण्यात ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासास निघणे. बँकेत तोच शब्द ठेवीच्या रकमेतून थकीत येणे वळते करून घेण्याच्या हक्कासाठी वापरला जातो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही परस्परांच्या येण्यांच्या वजावटीस हाच शब्द आहे. शोभा, प्रवास आणि वजावट अशी तीन दिशांची ही तोंडे एकाच जोडीची आहेत.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना या जोड्या अधिक छळतात, यास कारण आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा ओघ सुरू झाला आणि भाषेत दोन थर निर्माण झाले. ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ हे ग्रंथातील शब्द झाले, तर ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’ हे घरगुती बोलीचे राहिले. मराठीतही ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ यांत हाच भेद आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपले इंग्रजी पुस्तकातून आले. परिणामी कायद्यातील कलम समजते, पण दूरध्वनीवरील परप्रांतीय सहकाऱ्याचे साधे वाक्य अडते.

आपल्या घरातील ठेवा

वस्तुतः ही युक्ती मराठी माणसास परकी नसावी. ‘हृ’ या एकाच संस्कृत धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात, हे शाळेत शिकलेले असते. ‘पद्’ धातूचे उदाहरण तर बँक व्यवसायास अधिकच जवळचे आहे. त्यापासून संपत्ती, विपत्ती, आपत्ती, उत्पत्ती आणि निष्पत्ती असे शब्द सिद्ध होतात. संपत्ती आणि विपत्ती यांत अंतर आहे ते केवळ एका उपसर्गाचे!

‘गम्’ धातूस ‘प्र’ लागला की प्रगती होते. लॅटिनपासून आलेला ‘प्रोग्रेस’ हा शब्दही ‘पुढे’ आणि ‘पाऊल टाकणे’ या दोन अर्थांनीच घडला आहे. त्याच ‘गम्’ला ‘अव’ म्हणजे ‘खाली’ हा उपसर्ग लागला की ‘अवगत’ म्हणजे समजलेले. इंग्रजीतील ‘अंडरस्टँड’ पाहावे, तर तेथेही ‘अंडर’ आहेच. संस्कृतात हा छोटा शब्द धातूच्या पुढे उभा राहतो. इंग्रजीत तो बहुधा मागे येतो, एवढाच काय तो फरक.

समजण्याच्या पायऱ्या

आकलनाच्या क्रियेतील सूक्ष्म छटा इंग्रजीने या जोड्यांतून टिपल्या आहेत. ‘पिक अप’ म्हणजे पद्धतशीर न शिकता सहवासातून शिकणे. बदली होऊन चेन्नईस गेलेला मराठी कर्मचारी तमिळ जशी उचलतो, ते ‘पिक अप’. ‘कॅच ऑन’ म्हणजे उमगणे, ‘फिगर आउट’ म्हणजे डोके चालवून उलगडा करणे, तर ‘सिंक इन’ म्हणजे कळलेली गोष्ट सावकाश मनात मुरणे. ‘वर्क आउट’ म्हणजे उदाहरण सोडविणे किंवा हिशेब काढणे. व्याजाची आकारणी करणे हेही ‘वर्क आउट’च. ‘गेट अ‍ॅक्रॉस’ म्हणजे आपले म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचविणे. गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकास ही कला साधावी लागते.

काही जोड्यांपाशी मात्र सावध राहावे. ‘मेक आउट’ म्हणजे अस्पष्ट अक्षर किंवा बोलणे कसेबसे लावणे, पण चेकच्या संदर्भात ‘मेक आउट’ म्हणजे तो एखाद्याच्या नावे लिहिणे. ‘टेक इन’ म्हणजे ग्रहण करणे, पण कोणी ‘टेकन इन’ झाला असे म्हटले तर तो फसविला गेला. ‘सी थ्रू’ची गंमत याहून न्यारी आहे. एखाद्याची लबाडी ओळखणे यास ‘सी थ्रू हिम’ म्हणतात, तर हाती घेतलेले काम तडीस नेणे म्हणजे ‘सी इट थ्रू’. खात्याची गोपनीय माहिती विचारणारा दूरध्वनी आला, तर ग्राहकाने ‘टेकन इन’ न होता ‘सी थ्रू’ करणे, यातच त्याच्या ठेवीचे रक्षण आहे.

प्रगतीची आणि अडचणीची वाट

‘गेट’ हे क्रियापद घेतले तरी माणसाच्या आर्थिक जीवनाचा आलेख काढता येतो. ‘गेट बाय’ म्हणजे आहे त्या मिळकतीत कसेबसे भागविणे, ‘गेट ऑन’ म्हणजे बरे चालणे आणि ‘गेट अहेड’ म्हणजे इतरांच्या पुढे जाणे. हप्ते थकू लागले की ‘फॉल बिहाइंड’ आणि मागील बाकी भरून काढली की ‘कॅच अप’. अडीअडचणीस साठविलेली पुंजी मोडावी लागते, ते ‘फॉल बॅक ऑन’. ‘पे डाऊन’ म्हणजे कर्जाचा भार कमी करणे आणि ‘पे ऑफ’ म्हणजे ते पूर्ण फेडणे. कष्ट फळास आले, तर त्यासही ‘पे ऑफ’च म्हणतात, आणि कर्ज फेडलेल्या माणसास हा योगायोग नक्कीच पटेल. एका धंद्यात जम बसल्यावर दुसऱ्यात पाऊल टाकणे म्हणजे ‘ब्रँच आउट’. हा शब्द बँकेच्या शाखेवरून आला नसून झाडाच्या फांदीवरून आला आहे.

संकटास सामोरे जाण्याच्या शब्दांत दोन्ही भाषा विलक्षण जवळ येतात. मराठीत संकटास ‘तोंड देतात’. इंग्रजीतील ‘फेस अप टू’मध्येही चेहराच आहे. ‘गेट थ्रू’ आणि ‘पुल थ्रू’ यांतील ‘थ्रू’ म्हणजे आपले ‘पार पडणे’. मोठ्या आजारातून अथवा आपत्तीतून वाचणे म्हणजे ‘पुल थ्रू’. ‘गो थ्रू’ मात्र दुहेरी आहे. कागदपत्र नजरेखालून घालणे हेही ‘गो थ्रू’ आणि वाईट दिवस सोसणे हेही ‘गो थ्रू’. कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी पहिले ‘गो थ्रू’ नीट केले, तर दुसऱ्याची वेळ येण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

‘टाइड ओव्हर’ हा शब्द समुद्रावरून आला. ‘टाइड’ म्हणजे भरती-ओहोटी. वारा पडला असता पाण्याच्या ओढीवर नाव पुढे न्यायची, हे त्यामागील मूळ चित्र. अल्प मुदतीचे कर्ज काढून हंगाम निभावून नेणाऱ्या शेतकऱ्यास वा व्यापाऱ्यास ते चपखल लागू पडते. ‘बाउन्स’ हा शब्द ऐकून चेक देणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, परंतु त्यास ‘बॅक’ जोडला की ‘बाउन्स बॅक’ म्हणजे पडूनही पुन्हा उभे राहणे. न वटलेल्या चेकचा शब्द एका अव्ययाने उमेदीचा होतो.

कचेरीतील घोटाळे

भारतीय कचेऱ्यांच्या इंग्रजीत ‘पुट अप’ म्हणजे फाईल वरिष्ठांपुढे सादर करणे. त्यास ‘विथ’ लागला की ‘पुट अप विथ’, म्हणजे निमूट सहन करणे. आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे. फाईल सादर झाली, सोसली गेली की लांबली, हे त्या छोट्या शब्दांवर ठरते. ‘कोप अप विथ’ असे पुष्कळदा ऐकू येते. तेथे ‘अप’ नको, ‘कोप विथ’ एवढेच पुरे. तसेच ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न’नंतर ‘बॅक’ यांचीही गरज नसते.

लेखनात दोन नियम ध्यानी ठेवले तरी बऱ्याच चुका टळतात. पहिला सर्वनामाचा. ‘पुट ऑफ’सारख्या जोडीत ‘इट’ मध्ये बसते व ‘पुट इट ऑफ’ असे होते. ‘लुक इन्टू’सारखी जोडी मात्र फुटत नाही. तेथे ‘लुक इन्टू इट’ असेच म्हणावे लागते. कोणती जोडी फुटते व कोणती नाही, हे चांगल्या शब्दकोशात दिलेले असते. दुसरा नियम जोडाक्षरासारखा आहे. क्रियापद असताना हे शब्द सुटे लिहितात आणि नाम झाले की बहुधा जोडतात. ‘लॉग इन’ करणे ही क्रिया, तर ‘लॉगिन’ हे नाम. ‘टेक ओव्हर’ करणे आणि ‘टेकओव्हर’ होणे, ‘ब्रेक डाऊन’ आणि ‘ब्रेकडाऊन’ या जोड्याही तशाच आहेत.

अशा जोड्यांची लांबलचक यादी पाठ करून फारसा लाभ होत नाही. त्यापेक्षा अव्ययांचा स्वभाव ओळखावा. ‘थ्रू’मध्ये आरपार जाणे असते, ‘ऑन’मध्ये सातत्य, ‘आउट’मध्ये अंधारातून उजेडात येणे, तर ‘ओव्हर’मध्ये अडथळा ओलांडणे. हे सूत्र प्रत्येक ठिकाणी लागू पडेलच असे नाही, तरी अनोळखी जोडी भेटताच अंदाज बांधण्यास ते उपयोगी पडते. नवा शब्द मिळाला की तो एकटा न टिपता संपूर्ण वाक्यासह टिपावा. पत्रात, सूचनेत अथवा अहवालात अशी जोडी आली आणि तिच्याशी पैशाचा संबंध असेल, तर मात्र अंदाजावर विसंबू नये. सरळ विचारावे.

विचारणाऱ्यास संकोच वाटू न देणे हे विचारल्या जाणाऱ्याचे काम आहे. ग्राहकांसाठीचे छापील अर्ज व सूचना हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक अशा तिन्ही भाषांत असाव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा दंडकच आहे. गल्ल्यावरील बोलण्यासही तोच न्याय लावता येईल. त्या लघुउद्योजकास ‘तुमचे खाते राइट ऑफ झाले आहे’ असे सांगून थांबण्याऐवजी ‘तुमचे कर्ज माफ झालेले नाही, ते अजून येणे आहे, ते कसे फेडता येईल ते बसून पाहू’ असे सांगितले, तर त्यास सत्य कळते आणि वाटही दिसते. बाकी किती, तडजोडीस वाव आहे का, फेडीनंतर पतमाहितीतील नोंद कशी अद्ययावत होते, हे सारे प्रश्न मग त्यास सुचू लागतात. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवावा, आणि त्यातील न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारून शाखेत घेऊन यावे. शब्दाचा अर्थ विचारण्यास कोणतेही शुल्क पडत नाही. न विचारण्याचे मात्र कधीकधी व्याजासह भरावे लागते.