चिखलातली शर्यत आणि भंगारातली सायकल

पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल दामटणे म्हणजे काय, हे आमच्या सभासद बंधूंना नव्याने सांगावयास नको. पाणंदीत शिरून पन्नास पावले जात नाहीत तोच मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिकण माती ठासून भरते, चाक जाम होते, आणि जिने आपल्याला वाहून न्यायचे तिलाच आपण खांद्यावर घेऊन निघतो. ऊस नोंदीच्या कामावर नवे लागलो त्या वर्षीच आम्ही सायकलची दोन्ही मडगार्ड काढून ठेवली. चिखल पाठीवरून डोक्यापर्यंत उडायचा, पण चाक फिरायचे. एका वस्तीवरच्या आजीबाईंनी आमचा अवतार पाहून "सायेब, म्हशीसंगं डुंबलासा काय?" असे विचारले होते. तेव्हापासून चिखल आणि चाक यांच्याबद्दल आम्हाला जरा जास्तच आस्था आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गट ऑफिसातल्या एका तरुण मदतनीसाने रुंद टायरची, गियरची सायकल आणली. तो म्हणाला, असल्या सायकलींच्या शर्यती परदेशात मुद्दाम चिखलातून, डोंगरातून होतात. आम्ही म्हटले, आपल्याकडे चिखल फुकट मिळतो तर कुणाला त्याचे कौतुक नाही, आणि तिकडे फी भरून लोळतात होय! पण मनात किडा वळवळला. ही सायकल पहिल्यांदा काढली कुणी? शोधत गेलो तेव्हा जी हकिकत हाती लागली ती सभासदांना सांगण्यासारखी वाटली. तिच्याशी आमचे स्वतःचेही एक जुने येणे निघाले.

चिखलातून सायकल हाकण्याची शर्यत मूळची युरोपातली. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. रस्त्यावरच्या शर्यती संपल्या की थंडी-पावसाच्या दिवसांत शेते, कुरणे, ओढे, चढ यांतून ही शर्यत चालते. वाटेत अडथळा आला की खाली उतरायचे, सायकल खांद्यावर टाकायची, धावायचे, पुन्हा टांग मारायची. आपल्या पाणंदीतला रोजचा कार्यक्रमच तो, फक्त त्यांना वर बक्षीस मिळते. १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती जिंकली ज्याँ रोबिकने. १९४७ ची फ्रान्सची मोठी सायकल शर्यत जिंकणारा तोच. या शर्यतीच्या सायकली हलक्या, बारीक टायरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या असतात. आजही मोठ्या स्पर्धांत ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. म्हणजे आपल्या २८ इंची काळ्या सायकलच्या टायरहून तो बारीकच.

आता १ डिसेंबर १९७४ या दिवसाकडे येऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मिल व्हॅली नावाचे गाव आहे. तेथे सायक्लोक्रॉसची शर्यत होती. जमलेल्या मंडळींकडे रिवाजाप्रमाणे बारीक टायरच्या सायकली. त्यांच्यात दक्षिणेकडच्या क्युपर्टिनो गावची काही पोरे आली, ती मात्र भलत्याच सायकली घेऊन. त्यांच्या टोळीचे नाव मॉरो डर्ट क्लब. सायकली चाळीस वर्षांमागच्या धाटणीच्या, फुगीर टायरच्या. तिकडे वर्तमानपत्रे टाकणारी पोरे वापरीत तसल्या. त्यांना या टोळीने गियर बसवले होते, गियरचा खटका हँडलवर अंगठ्याजवळ आणला होता, मोटारसायकलच्या तऱ्हेचे ब्रेकचे दांडे लावले होते. रस मेहन हा त्यांच्यातला कर्ता गडी.

शर्यतवाल्यांना काय वाटले असेल याची कल्पना सहज येते. नवरदेवाच्या वरातीत कुणी नांगराचा बैल घेऊन यावा तसे दिसले असणार.

या जुन्या सायकलीत होते तरी काय? १९३३ साली अमेरिकेतल्या श्विन कारखान्याने मुलांच्या सायकलींसाठी फुगीर टायर काढला. रुंदी दोन इंच एक सूत. आपल्या सायकलचा टायर दीड इंचाचा. फरक अर्ध्या इंचाहून थोडा जास्त, पण चिखलात तेवढ्यावरच सारे ठरते. येथे आम्ही आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. टायरमध्ये हवेचा दाब जितका कमी, तितका त्याचा जमिनीवरचा ठसा मोठा, आणि दर चौरस इंचावर येणारा भार कमी. लोखंडी धावेची बैलगाडी ओल्या रानात आसापर्यंत रुतायची आणि त्याच रानातून टायरगाडी तेवढाच ऊस घेऊन बाहेर पडायची, हे जुन्या सभासदांनी डोळ्यांनी पाहिले आहे. गणित तेच. बारीक टायरमध्ये हवा कमी ठेवावी तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. फुगीर टायरला ती मुभा असते.

अर्थात रुंद टायर सगळीकडे सरस असे कुणी समजू नये. खाली घट्ट मुरूम आणि वर बोटभर पातळ राड असेल तर बारीक चाक राड कापून मुरुमाला जाऊन भिडते आणि चांगली पकड घेते. सायक्लोक्रॉसवाले काही खुळे नव्हेत. शिवाय सायकल खांद्यावर घेऊन चढ चढायचा तर त्या जुन्या धुडाचे वजन वीस किलोच्या वर! आणि एक. चिकट मातीत टायरच्या रुंदीपेक्षाही टायर व चिमटा यांच्यामधली मोकळी जागा महत्त्वाची. जागा नसेल तर रुंद टायर जास्तच माती गोळा करतो. त्या जुन्या सायकलींची मडगार्ड काढली की भरपूर जागा राही. नकळत आम्हीही तोच उद्योग केला होता, हे वाचून अंगावर मूठभर मांस चढले.

त्या दिवशी मिल व्हॅलीला मरीन जिल्ह्यातली काही मंडळी हजर होती. गॅरी फिशर, चार्ली केली आणि जो ब्रीझ ही त्यांतली नावे. त्यांच्याही घरी भंगारातून थोडक्या डॉलरांत आणलेल्या तसल्याच सायकली होत्या. डोंगर उतरायला त्या बऱ्या पडत, पण गियर नसल्याने चढावर ढकलाव्या लागत. १९७५ च्या सुमारास फिशरने आपल्या जुन्या श्विनला गियर बसवले. मॉरोची टोळी पुढे विखुरली. तिच्या नावाने एकही सायकल बाजारात आली नाही.

पुढचे काम मरीनकरांनी केले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यावर, त्यांनी उताराची शर्यत लावली. अंतर सुमारे दोन मैल आणि उतार तेराशे फूट. एकेकाने वेळ लावून सुटायचे. सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, पायडल उलटे दाबले की लागणारा. खाली पोचेपर्यंत तुंबा इतका तापायचा की आतले ग्रीस धूर होऊन जायचे. दर शर्यतीनंतर तुंबा खोलून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नाव पडले रिपॅक, म्हणजे 'पुन्हा भरणे'. पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली. कारण ऐकाल तर हसाल: न पडता खाली आलेला तो एकटाच होता! पुढे फिशरने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून दाखवला. तो विक्रम त्याच्याच नावावर राहिला.

शर्यतीत सांगाडे मोडत, दांड्या वाकत. जे मोडले ते पाहूनच कुठे मजबुती हवी हे कळत गेले. १९७७ मध्ये जो ब्रीझने जुना सांगाडा सोडून, चांगल्या पोलादी नळ्या जोडून, मुळापासून डोंगरासाठी म्हणून सायकल बांधली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराचे सांगाडे घेऊन धंदा मांडला आणि त्याला नाव दिले 'माउंटनबाइक्स'. ते नाव काही त्यांच्या एकट्याचे राहिले नाही, साऱ्या जगाचे झाले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने कारखान्यात घाऊक सायकली काढल्या. १९९० मध्ये कोलोराडोतल्या डुरांगो गावी अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत दाखल झाली. मिल व्हॅलीच्या त्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत बावीस वर्षे. आपल्या ऊस जाती प्रसाराला लागणारा वेळ पाहता हा काळ फार म्हणता येणार नाही.

आता आमच्या येण्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका गावी ऊस पीक मेळावा होता. बाळबांधणी, तणनाशक, खताची मात्रा असे नेहमीचे विषय झाले. शेवटी एक लहान खातेदार उठले, मंडपाबाहेर गेले आणि एक वस्तू ढकलीत घेऊन आले. मोडक्या सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल, मागे गावच्या लोहाराकडून जोडून घेतलेला एक फास. बैल नव्हते, मजूर परवडत नव्हते, म्हणून त्यांनी कुठेशी पाहून घरीच सायकल कोळपे केले होते. "लागणीत दोन महिने यानंच तण काढलं सायेब, म्या आन् कारभारणीनं," ते म्हणाले. आम्ही माईकवरून म्हटले, "पाहुणे, याला घंटी बसवा म्हणजे ऊस बाजूला सरकेल." मंडप हसला. ते गृहस्थ कोळपे घेऊन मागच्या मागे निघून गेले. पुढे मेळाव्याला ते कधी दिसले नाहीत, आणि आम्हीही का येत नाहीत म्हणून विचारले नाही.

त्यानंतर सायकल कोळपे राज्यभर किती शिवारांत फिरताना पाहिले! सोयाबीनमध्ये, भाजीपाल्यात, लहान उसाच्या सरीत. तयार कोळपी अवजारांच्या दुकानांत टांगलेली दिसू लागली. आम्हीही शिफारस करू लागलो, जणू ती आमच्याच खात्याची सूचना.

मिल व्हॅलीची हकिकत वाचल्यावर दोन दिवस चैन पडेना. तिसऱ्या दिवशी मदतनीसाला घेऊन त्या वस्तीवर गेलो. पाऊस होऊन गेलेला, पाणंद भरलेली. त्याची रुंद टायरची सायकल गेली, आम्ही मोटारसायकल अलीकडेच लावून चालत गेलो. गृहस्थ गोठ्यात होते. कारभारीणबाईंनी चहा केला. आम्ही झाले गेले बोलून दाखवले, चुकलो म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"हसला त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पर तवा हातात धरून तरी बघायचं हुतं."

कोळपे गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते. फास झिजून निम्मा राहिला होता आणि हँडलला चिंध्या गुंडाळल्या होत्या. आम्ही ते हातात घेतले. पुढच्या मेळाव्याला ते सरीत चालवून दाखवाल का, म्हणून विचारले.

त्यांनी दारातून पाणी साचलेल्या रानाकडे पाहिले आणि म्हणाले, "वापसा येऊ द्या. मग बघू."