नऊ वारांत चार थर : घरच्या गोधडीविषयी थोडेसे



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय अगदीच वेगळा आहे, तो म्हणजे गोधडी. ऊस विकास अधिकाऱ्याला गोधडीतले काय कळते, असे घरोघरच्या माउल्या विचारतील, आणि तो प्रश्न रास्तच आहे. पण आमचे काम पडले फिरतीचे. लागणीच्या नोंदी घ्यायला वस्तीवर गेलो की पूर्वी ओट्यावर गोधडीची घडी अंथरली जाई आणि मग पाण्याचा तांब्या येई. हल्ली प्लास्टिकची खुर्ची येते. खुर्ची सोयीची आहे, आमची तक्रार नाही. पण तीनचार वर्षांपूर्वी आमच्या हातून घरात एक आगळीक घडली, आणि तेव्हापासून ज्या वस्तीवर जाऊ तिथे आमचे लक्ष आधी दोरीवर काय वाळत घातले आहे इकडे जाते. त्या आगळिकीचे शेवटी सांगू.

भाद्रपदात, घट बसायच्या आधी, नीरा डाव्या कालव्याच्या कडेने कोणी गेले असेल तर त्याने पाहिले असेल. बायका गोधड्या धुवायला आणतात. पाणी प्यालेली गोधडी एकटीच्या हाताने उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पिळतात, आणि मग ती बाभळीवर, तारेच्या कुंपणावर, उभ्या ट्रॉलीच्या फाळक्यावर पडते. वाळताना तिचे सगळे पोट दिसते. हे आजोबांचे धोतर, ही थोरलीची परकर-पोलक्याची चिटे, हा शाळेचा खाकी तुकडा. गावात कोणाच्या घरी काय नेसत आणि काय घालत होते, याची इतकी खरी नोंद आमच्या गट कार्यालयातही नसेल. आमच्याकडे गुंठ्या-गुंठ्याची नोंद आहे, पण खातेदार म्हणून नाव बहुधा मालकाचे. गोधडीवर नाव कोणाचेच नसते, तरी ती कोणी शिवली हे घरातले लहान पोरही सांगते.

लुगडे एकदम गोधडीत जात नसे. मध्यावर विरले की त्याला दांड भरत, म्हणजे विरलेला भाग काढून दोन्ही टोके जोडत. दांड भरूनही टिकेना, तेव्हा कुठे ते गोधडीला मिळे. काटेवाडीच्या एका आजींनी आम्हाला याचा हिशेब सांगितला. तो इतका चोख आहे की आम्ही डायरीत उतरून घेतला. "आवं सायब, लुगडं नऊ वाराचं. वाराचं दोन हात, म्हंजी अठरा हात. चार घड्या घाला, साडेचार हात. मानूस केवढा? साडेचार हातातच झोपतो की." लुगड्याचा पन्हा धरला अडीच हात, तर एका लुगड्यात एका माणसाच्या गोधडीचे चार थर निघतात. कापायची जरूर नाही, चिंधी वाया जात नाही. आजच्या साडेपाच मीटरच्या साडीचे हात भरतात बारा. त्यात दोन थर निघून तीन हातांचा तुकडा उरतो. तो बाळाच्या दुपट्याला लावावा. ही काटेवाडी म्हणजे तीच, जिथे तुकोबांच्या पालखीपुढे परीट मंडळी धोतराच्या पायघड्या घालतात. जुन्या धोतराचा मान त्या गावाला कोणी शिकवावा असे नाही.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांना येते त्यांनी हा भाग सोडून द्यावा. नव्या सुनांसाठी आणि, हो, घरातल्या पुरुष मंडळींसाठीही लिहीत आहोत.

कापड सुती हवे, ही पहिली अट. शंका असेल तर कडेचा एक दोरा काढून काडी लावून पाहावी. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सूत, वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर. पॉलिस्टरची गोधडी घाम शोषत नाही, सुईला निसटते, आणि चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ तर ती धोक्याचीच. जरीचे काठ आधी उसवून बाजूला ठेवावेत, ते अंगाला टोचतात. सगळे कपडे धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवावेत.

सारवलेली किंवा पुसलेली जमीन पाहून खालचा चांगला थर अंथरावा. त्याच्यावर विरलेले, फाटके, जोडाचे थर घालावेत. सर्वांत वर पुन्हा चांगला थर यावा. चार ते सहा थर पुरेत. जास्त घातले तर सुई मोडते आणि धुताना कंबर मोडते. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवावेत. हा कच्चा टाका पुष्कळ जणी आळसाने टाळतात, आणि पुढे थर सरकून गोधडीच्या पोटात गोळा होतो. बेणेप्रक्रिया टाळणाऱ्या सभासदासारखेच हे. वाचते एक दुपार आणि नुकसान वर्षाचे.

कडा दोन बोटे आत मुडपून एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करायचा, आणि कडेकडेने चारी बाजू फिरत आत आत यायचे. दोन रांगांत एक बोट अंतर. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. दोरा सुती, दुहेरी, मेण फिरवलेला, आणि कवेपेक्षा लांब घेऊ नये, नाहीतर गाठी पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. बांधावर आम्ही सरीचे अंतर वाढवा, साडेचार-पाच फुटांवर न्या, असे घसा कोरडा करून सांगतो. इथे मात्र रांगा जितक्या जवळ तितकी गोधडी टिकाऊ. चौघी चार बाजूंना बसल्या तर काम भराभर पुढे सरकते. एकटीने करायचे म्हटले तर दुपारच्या फावल्या वेळात महिना सहज जातो.

आणि फावला वेळ कुठे आहे, हीच तर अडचण. कोरडवाहू गावांत चैत्र-वैशाखात रान मोकळे पडे, तेव्हा घरोघर गोधड्या निघत. बागायतीत रान मोकळे पडतच नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, आणि मध्ये गाईंच्या धारा. म्हणून आमच्या पाहण्यात असे आले आहे की, कालव्याच्या पाण्याखालच्या वस्त्यांवर गोधडी आधी थांबली, आणि सुपे-मोरगावकडच्या जिरायत भागात ती जास्त दिवस टिकली. पाणी आले, ऊस आला, पैसा आला. त्याबरोबर सोलापुरी चादर आणि मागून मखमली ब्लँकेटे आली. त्यात वाईट काही नाही. पण ज्या हातांना टाका येतो ते हात आता सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत, आणि त्यांच्याजवळ बसून शिकलेले कोणी आम्हाला फारसे भेटत नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या पाहाव्यात. बीडकडून आलेल्या ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, लेकरे, आणि सर्वांत वर गोधड्यांचे गाठोडे. कोपीत रात्री दहिवर पडते तेव्हा घर म्हणायला तेवढेच असते. एकदा पहाटे चारला आम्ही फडावर गेलो होतो. एक बाई शेकोटीच्या उजेडात गोधडीचा उसवलेला कोपरा शिवत होती. फड पेटल्यासारखा गाडीचा आवाज चाललेला, मुकादम ओरडत होता, पण तिने टाका पुरा करूनच कोयता उचलला.

इथे एक गोष्ट आमच्या खात्याची म्हणून बजावून सांगतो. खताची रिकामी पोती उसवून गोधडीला खोळ करायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. कीटकनाशकाच्या पिशव्या किंवा ज्या पोत्यात औषध मिसळले असेल ती पोती अंथरुणात कधीही वापरू नयेत, कितीही धुतली तरी नकोत. जुन्या थायमेटचा डबा ज्यांच्या गोठ्यात अजून पडून आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. त्यातल्या फोरेट या औषधावर २०२० च्या अखेरीस देशात बंदी आली, ती उगीच नव्हे. ज्यूटच्या धुतलेल्या पोत्यांचे तळवट खुशाल शिवावे, पण ते बैलगाडीत आणि खळ्यावर वापरावे, लेकराखाली नको.

ज्यांना पूर्ण गोधडीचा धीर होत नाही त्यांनी लहान कामाने सुरुवात करावी. चुलीवरचे भांडे उतरवायचे चौकोनी फडके, पाटावरचे आसन, बाळाचे दुपटे. क्रोशाचे रुमाल आणि दारावरची तोरणे आपल्याकडे मुली हौसेने करतात, तेही चांगलेच. पण ती शोभेची कामे झाली.

गोधडी आपलीच एकट्याची आहे असे नाही. बंगालात जुन्या साड्या-धोतरांचा कांथा होतो आणि त्याला दोरा साडीच्या काठातूनच उसवून घेत. बिहारात सुजनी आहे, सिंध-राजस्थानात रल्ली. आपल्याकडे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. भीमा ओलांडून कर्जतला जावे तर तिथले ग्रामदैवतच गोदड महाराज.

पण सहकाराच्या वाचकांना सांगावी अशी हकीकत आहे ती दूर अमेरिकेतली. अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. ज्यांच्या आजे-पणजोबांनी कापसाच्या मळ्यात गुलामी केली, अशी काळ्या लोकांची ही वस्ती. तिथल्या बायका फाटक्या विजारींच्या आणि पोत्यांच्या गोधड्या शिवत, थंडीसाठी. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचे उशांच्या अभ्र्यांचे कामही त्यांना मिळाले. त्याच सुमारास नदीवर मिलर्स फेरीचे धरण होऊन त्या गावाच्या चांगल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. उजनीच्या पाण्यात ज्यांचे पळसदेवसारखे गाव गेले, त्या इंदापूरकरांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको. पुढे २००२ मध्ये त्याच गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. आपल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आज पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी शहरातली माणसे हौसेने पाहतात, घेतातही. बचत गटांनी विचार जरूर करावा. मात्र महिन्याच्या कामाची किंमत दोन दिवसांची मजुरी अशी लावू नये. तुमच्या उसाचा दर तुम्ही किती हिरिरीने मागता हे आम्ही सर्वसाधारण सभेत ऐकलेले आहे.

आता आमची आगळीक.

डिसेंबरात एक-डोळा रोपांचे प्रात्यक्षिक होते. थंडीने डोळे फुगेनात. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळले, तरी ऊब धरेना. वरिष्ठ पाहायला येणार होते. आम्ही घरी येऊन ट्रंक उघडली आणि आईची सर्वांत जाड गोधडी उचलून नेली. विचारले नाही. रोपे उत्तम उगवली, शाबासकी मिळाली, आणि गोधडी शेडमध्येच राहिली. महिन्याने आठवण झाली तेव्हा तिच्यावर बुरशी चढली होती आणि एक कोपरा उंदरांनी नेला होता.

आई काही बोलली नाही. ओट्यावर बसून तिने ती उसवायला घेतली. वरचे दोन थर गेलेच होते. त्यांच्या खाली वडिलांचे धोतर निघाले, त्याच्या खाली आक्काचा परकर. आणि त्याहून आत एक आख्खी जुनी गोधडी निघाली, टाक्यांसकट. ती आमच्या आजीची. आई लग्न होऊन आली तेव्हा ती विरली होती, म्हणून आईने तिच्यावर नवे थर चढवले होते. चाळीस वर्षे आम्ही जी पांघरत होतो तिच्या पोटात आजीचे लुगडे आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

धडके निवडून तिने पुन्हा एक लहान गोधडी मांडली. कडेच्या रांगा तिच्या आहेत. पुढे डोळ्यांनी साथ सोडली, सुईत दोरा ओवता येईना. तो आम्ही ओवून देऊ लागलो, आणि आता रविवारी दुपारी टाकेही आम्हीच घालतो. मधला हातभर चौकोन अजून राहिला आहे. आई शेजारी बसून बोटांनी रांगा चाचपते. मागच्या रविवारी तिचे बोट एका जागी थांबले.

"सरी वाकडी गेली रं तुझी," ती म्हणाली. आम्ही उसवून पुन्हा घातली.