पेशी कमी होतात की खाल्ल्या जातात?

पावसाळ्यात हुबळीच्या उणकल तलावाच्या काठावर फिरताना 'पेशी किती आल्या?' हा प्रश्न कानावर पडला, की समजायचं, विषय डेंगीचा आहे. पण ताप नसतानाही पेशी उतरतात. अशा एका आजाराचं नाव आयटीपी.

गैरसमज : पांढऱ्या पेशी कमी झाल्या.
वस्तुस्थिती : कमी होतात त्या प्लेटलेट्स, रक्त गोठवणाऱ्या. त्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात; आयटीपीत एक लाखाच्या खाली जातात. पांढऱ्या पेशी मात्र इथे आरोपी आहेत. त्यांतल्या बी पेशी स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. अशी खूण लागलेली प्लेटलेट प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात. बी पेशींना आवर घालणाऱ्या टी पेशी कमी पडतात आणि मारक टी पेशी कधी थेट हल्ला करतात. प्लेटलेट्सचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य काही तासांवर येतं.

गैरसमज : रक्त तयार होणंच थांबलं.
वस्तुस्थिती : 1950 मध्ये अमेरिकेत डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्यांच्याही प्लेटलेट्स कोसळल्या. मारेकरी रक्तातच होता. प्रतिपिंडं अस्थिमज्जेतल्या उत्पादनालाही अडवतात, पण ते सहसा बंद पडत नाही.

गैरसमज : घोळणा फुटला, म्हणजे उष्णता झाली.
वस्तुस्थिती : कधीतरी फुटला तर काळजी नको. पण सोबत पायांवर बारीक लाल ठिपके, मार न लागता काळे-निळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रक्त तपासायलाच हवं.

गैरसमज : पपईच्या पानांचा रस घ्या, नाहीतर प्लेटलेट्सची पिशवी चढवा.
वस्तुस्थिती : रसाने हा हल्ला थांबत नाही. चढवलेल्या प्लेटलेट्सही तशाच खाल्ल्या जातात, म्हणून पिशवी गंभीर रक्तस्रावापुरतीच. स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन हल्ला शमवतात, रिटुक्सिमॅब बी पेशी घटवतं, एल्ट्रोम्बोपॅग उत्पादन वाढवतं.

गैरसमज : आकडा खाली गेला, की औषध हवंच.
वस्तुस्थिती : डॉक्टर आकड्याइतकाच रक्तस्राव पाहतात. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात.

गैरसमज : प्लेटलेट्स ठीक, म्हणजे सगळं ठीक.
वस्तुस्थिती : कधी प्रतिपिंडं रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठवर उठतात. हा नंतर जडणारा हिमोफिलिया. तो वृद्धांत आणि क्वचित बाळंतिणींत दिसतो.

आयटीपी असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. तीव्र डोकेदुखी, काळं शौच किंवा न थांबणारं रक्त दिसलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. उणकलकरांना विद्यानगरचं सरकारी रुग्णालय (पूर्वीचं किम्स) जवळच आहे.