दख्खनी मेंढी आणि वाटेवरचे बिऱ्हाड

सोयाबीन निघून शेते मोकळी झाली, की मेहकर-लोणारच्या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. मागे घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, कधी तान्हे मूलही. आपण गाडीचा भोंगा वाजवून पुढे निघून जातो.

ही दख्खनी मेंढी. महाराष्ट्र, तेलंगणा व कर्नाटकाच्या कोरडवाहू पठारावर धनगर, कुरुमा अशा समाजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. अंगाने बेताची, बहुधा काळी, दूर चालणारी आणि पाला-धसकटांवर भागवणारी. मांसासाठी तिला मागणी आहे. परंतु शेतकऱ्याला हवे असते ते लेंडीखत. रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या आणि मोबदल्यात धान्य वा रोख रक्कम घ्यायची, हा करार आजही तोंडीच होतो. दूध मुख्यतः कोकराचे, उरले तर घरचे. ग्रीसमध्ये मुख्यतः मेंढीच्याच दुधापासून होणारे फेटा चीज जगभर विकले जाते. आपल्याकडे या दुधाला जवळजवळ बाजारच नाही.

लोकर वर्षाकाठी अर्धा-पाऊण किलो, तीही राठ. सणगर ती खड्डामागावर विणीत आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी करीत. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली आणि लोकरीतून कातरणीची मजुरीही निघेनाशी झाली. माझ्या मते या जातीवरचे मोठे संकट हेच. लोकरीला मोल नाही, म्हणून कळपात माडग्याळसारखे वजनदार नर सोडले जातात आणि मूळ दख्खनी विरळ होत जाते. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळ्यांचे जनुक तिच्यात आणून ‘नारी सुवर्णा’ घडविली, हा मात्र विचारपूर्वक केलेला संकर.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात यज्ञासाठी आणलेले सातशे मेंढे शेवटी मुक्त केले जातात. मेंढपाळाचे पोट मात्र कोकरांच्या विक्रीवरच भरते. यज्ञातील हिंसा आणि पोटाचा व्यवसाय यांतला भेद आपण विसरता कामा नये. गायराने घटली, वनांतील चराईवर बंधने आली, तसा वाडा अधिक दूर जाऊ लागला आणि त्याच्याबरोबर मुलांची शाळाही सुटू लागली. निवासी शाळेचे मोल या घरांना म्हणूनच अधिक.

सुटी लागली, की आमच्या वसतिगृहातील अशा मुलांचा वाडा सध्या कोणत्या शिवारात आहे, हे आधी फोनवरून शोधावे लागते. प्रवेशअर्जात पत्त्याच्या रकान्यात काय लिहावे, असे एका पालकांनी मला विचारले होते. आम्ही मूळ गावाचे नाव लिहिले. तेथे ते वर्षातून चारच महिने असतात.